उपटलेलं गवत

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कॅम्पवरून सकाळी बस सुटते आणि वाळवंटातल्या राखीव कुरणाच्या फाटकाशी थांबते. तिथे माळीकामाला लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे गाफच्या रोपांना पाणी घालायचं काम आलं. गाफ म्हणजे आपली शमीच. रोपांच्या मधे गवताचे खरखरीत झुबके उभे. मी कोकणातल्या भातशेतीत वाढलेला; रोपाशेजारी गवत दिसलं की हात आपोआप बेणणीला लागतात. कोणी न सांगता दुपारपर्यंत अख्खा तुकडा लख्ख केला आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सुपरवायझर मॅडम केरळच्या. उपटलेल्या ढिगातला एक झुबका त्यांनी उचलून बघितला. मग म्हणाल्या, "भैया, यही तो लगाया था हमने."

त्या गवताला इथे थुमाम म्हणतात. ते वाळू धरून ठेवतं, त्याच्या आडोशाला चंडोल घरटं करतात. मॅडमची दोन वर्षांची मेहनत मी अर्ध्या दिवसात खलास केली होती. करायला गेलो गणपती नि झाला मारुती. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मला त्यांचा चेहरा बघवेना.

मुळं अजून ओली होती. मी म्हटलं, "मॅडम, एक बार मेरे गाँव के तरीके से लगाने दो."

शेंडे छाटले, मुळं चिखलात बुडवली आणि भाताची लावणी करतात तसा वाकून, मागे सरकत एकेक झुबका लावत गेलो. थोड्या वेळाने मॅडमही शेजारी वाकल्या. "जिएगा?" त्यांनी विचारलं.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

तीन आठवडे सगळं केरसुणीसारखं वाळकं. रोज पाणी घालायचं आणि रोज स्वतःला शिव्या द्यायच्या. मग एका सकाळी एका झुबक्याच्या बुडाशी हिरवी सुई दिसली. शेजारी आणखी एक. काही गेले ते गेलेच, बरेचसे मात्र तगले. पुढच्या थंडीत त्यातल्याच एकाच्या आडोशाला हरणाचं पाडस अंग चोरून बसलेलं दिसलं. मी पाण्याचा पाइप तिथेच ठेवून लांबून वळसा घेतला.

त्या संध्याकाळी गावाहून बायकोचा फोन आला. म्हणाली, "काय लावता तरी काय तिकडे वाळूत?"

"गवत."

ती हसायला लागली. "गवत लावायला एवढ्या लांब गेलात?"

"अगं, जगलं ते," मी म्हटलं, आणि तिला त्या पाडसाचं सांगायला लागलो.