खाडीकडचा वॉल्व्ह

मालवणजवळच्या मासळीच्या कारखान्यात सांडपाण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. मासळी धुतलेल्या पाण्यात अमोनिया फार. आमच्या हवेच्या टाकीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करायचे, बिनहवेच्या टाकीतले त्या नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडायचे. मग पाणी खाडीत.

एकदा फरशी धुताना कुणीतरी ब्लीचिंग पावडर भरमसाट ओतली. दुसऱ्या दिवशी तपासणीची नळी गडद पिवळी झाली, म्हणजे पाण्यात अमोनिया तसाच राहिला होता. जिवाणू मेले होते. मी धावत जाऊन खाडीकडचा वॉल्व्ह बंद केला.

"मॅडम, बोटी लागल्यात. मासळी परत पाठवू?" मॅनेजर ओरडले.

"बर्फात ठेवा, नाहीतर परत पाठवा. साठवणीच्या टाकीत जागा नाही."

ते चिडले, पण निम्मी मासळी त्यांनी बर्फात टाकली. मी देवगडच्या एका कारखान्यातून जिवंत जिवाणूंचा गाळ टँकरने मागवला. तो हवेच्या टाकीत सोडला, पाणी आम्ल होऊ नये म्हणून चुना घातला, सांडपाणी थोडं थोडं देत राहिले. हे जिवाणू वाढतात फार सावकाश. मला मात्र एका जागी बसवेना. जेवताना उठायचे, स्कूटर काढून पुन्हा टाकीपाशी. नळी पिवळीच.

फाटकाशी शेजारच्या वाडीतली काकी उभी होती. ती खाडीतल्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून बाजारात विकायची.

"गो, पाणी सोडलंस काय?"

"अजून सोडूक नाय, काकी."

"अजून म्हंजे? उद्या सोडतलंस?"

मी साठवणीच्या टाकीकडे वळून पाहिलं. टाकी काठोकाठ येत चालली होती. शेवटी मॅनेजरांनीच दोन दिवस मासळी धुण्याचं काम थांबवलं.

मग एका सकाळी बिनहवेच्या टाकीवर बारीक बुडबुडे दिसले. नत्रवायू सुटत होता. नळी फिकट झाली. माझा विश्वास बसेना. पुन्हा तपासलं, दुपारी आणखी एकदा. तेव्हा कुठे वॉल्व्ह जरासा उघडला आणि खाडीवर गेले.

"काकी, आता पाणी बरा आसा."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तर मग चल, उतर माझ्यावांगडा."

मी सलवार वर खोचली आणि चिखलात पाय टाकला. काकी वाकून तिसऱ्या चाचपू लागली. माझं लक्ष सारखं कारखान्याचं पाणी सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाकडे जात होतं.