करीच्या दिवशी जंगलात

संक्रांत शुक्रवारी आली आणि मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारातली एक सुट्टी शनिवारी देऊन टाकली. रविवार तर आपलाच. शाळेत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला तीन दिवस सलग दिसले की ती काय करते? झोपते, नाहीतर घरचे डबे घासते. मी स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या ठरवलं, की संक्रांत घरी करायची आणि शनिवारी एकटीनं जंगलात जाऊन एक रात्र राहायचं.

कारण आधीच सांगून टाकते, उगाच कोणाला कोडं नको. महिनाभरापूर्वी मी अमरावतीतच, राजापेठेत कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. खाली दुकानं, मधे ट्यूशन क्लास, वर दवाखाना. त्यांनी कानावर यंत्र चढवलं आणि सांगितलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. मी इमानदारीनं दाबत गेले. दोन-चारदा बेइमानीनंही दाबलं, नुसत्या अंदाजानं, पोरं परीक्षेत करतात तसं. तरी कागदावरची रेघ उजवीकडे घसरत खाली गेलीच. डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज आधी जातात मॅडम. पाखरांचे, लहान मुलांचे. दोन्ही कानांना मशीन लावून घ्या." मी "पाहू" म्हटलं आणि फाईल कपाटात साड्यांच्या खाली सारली.

घरी सांगितलं नाही, शाळेत तर नाहीच. शाळेत माझी ख्याती वेगळीच होती: या मॅडमला मागच्या बाकावरची कुजबूज ऐकू येते. ती ख्याती मी दोन वर्षं नुसती हिंडून फिरून टिकवली. प्रश्न विचारायचा आणि उत्तर देणाऱ्या पोरापर्यंत चालत जायचं. ओठ दिसले की भागतं. सात वर्षं नोकरी उरली होती. कळलं असतं तर पहिले माझा दहावीचा वर्ग काढून घेतला असता, आणि तो मला जिवापाड प्यारा होता. खरं सांगायचं तर यंत्रातल्या शिट्ट्यांवर माझा विश्वासच नव्हता. पाखरांचं म्हणता ना, मग पाखरांनाच विचारते, असं मी मनाशी म्हटलं. किती गेलं, किती उरलं, ते मला कोणी माझ्या तोंडाकडे पाहत नसताना कळायला हवं होतं. सोबतीला माणूस असलं की माझा सगळा जीव त्याच्या ओठांत अडकतो.

जागा शोधताना चिखलदरा आधी खोडला. सुट्टीत अर्धी अमरावती तिथं असते आणि त्यातले बरेच माझे आजी-माजी विद्यार्थी. कड्याच्या टोकावर मागून "गुड मॉर्निंग मॅडम" यायचं आणि ते मला ऐकूच जायचं नाही, हा तमाशा नको होता. मेळघाटात जीप ठरवावी लागते आणि एकटीनं अख्खी जीप करणं परवडत नाही. शेवटी पातूरच्या पुढे, डोंगरातल्या एका लहानशा धरणापाशी, एका शेतकऱ्यानं वावराच्या कडेला बांधलेल्या दोन खोल्या सापडल्या. टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही, म्हणून भाडंही नाममात्र. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. एवढ्या स्वस्तात माणसाला शांतता मिळते हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे.

स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी चष्मा खाली करून विचारलं, "एकट्याच? काहून, घरी काई झालं का?" म्हटलं, काही झालं नाही, म्हणूनच चालली. घरी नवऱ्याला सांगितलं. हे कृषी खात्यातून निवृत्त झालेत, मुळातच कमी बोलतात. "मी येऊ का?" "नको." "बरं." एवढंच झालं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "मोबाईल चार्ज करून ठेवजो."

चूक माझी एकच झाली. पातूरहून पुढे गाडी कितीला मिळते हे विचारायला मी अकोल्याला धाकट्या भावाला फोन केला. वऱ्हाडात कोणाला रस्ता विचारू नये. तो गाडीच काढून आणतो. त्यातून मी जंगल हा शब्द उच्चारला होता, आणि आमच्याकडे जंगल म्हणजे रोडगे. पोतंभर गोवऱ्या न्यायच्या, गव्हाच्या जाड पिठाचे गोळे निखाऱ्यांत भाजायचे, तुपात चुरायचे, वांग्याच्या भाजीसोबत हाणायचे आणि झाडाखाली आडवं व्हायचं. झाडाचा दुसरा काही उपयोग आमच्या खानदानात कोणी केलेला मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचाच फोन. "ताई, समदं जमवलं. अकरा जन हाओत. बोलेरो सांगून ठेवली. वांगे तिथंच कोनाच्या वावरातून घेऊ."

"कोनते अकरा जन? मी एकलीच चालली."

"एकली? मंग रोडगे कोन करीन?"

"मले रोडगे नाही पाह्यजे."

पलीकडून खऱ्याखुऱ्या काळजीच्या सुरात, "जंगलात जाऊन रोडगे नाही, तं मंग करतं काय तू तिथं?"

"बसतो! काईच करत नाही. माह्यं डोकं नको खाऊ. तुमच्यातलं एक जरी मानूस तिथं दिसलं ना, तं मी तिथूनच वापस फिरीन."

"आमी इतके जड झालो का वं ताई तुले?"

"हो, झाले!" मी म्हटलं. म्हणून टाकल्यावर जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. भावजयीनं त्याच्या हातून फोन घेतला. तिला जंगलाचं काही नव्हतं, तिचा आक्षेप दिवसावर होता. "ताई, अवं करीच्या दिवशी कोनी घराबाहीर पाय टाकते का? रयवारी निंगा." संक्रांतीचा दुसरा दिवस कर, तो प्रवासाला वाईट, हे मलाही माहीत होतं. पण रविवारी निघून सोमवारी शाळेत फळ्यापुढे उभं राहायचं तर जंगल पाहायचं कधी? मी ठेवून दिला फोन.

संक्रांतीला हळदीकुंकवाला वीसेक बाया आल्या. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. मी हसत होते, तिळगूळ देत होते, मान हलवत होते. रात्री माझी मान दुखत होती.

शनिवारी पहाटे निघाले. अकोल्याला उतरले आणि माहेरी न जाता समोरची पातूरची बस धरली. जन्मात पहिल्यांदा. कोणाची तरी चोरी करून पळाल्यासारखं वाटत होतं, आणि थोडं छानही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पातूरहून पुढे एका मालवाहू रिक्षात सिमेंटच्या पोत्यांवर बसून गेले. त्या पोत्यांनी माझी नवी साडी पार भुरी करून टाकली.

खोल्या सांभाळणारी शेतकऱ्याची बायको माझ्याच वयाची होती. "साहेब मांगून येऊन राहिले का?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं माझी पिशवी घेतली आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. याबद्दल मी तिची अजून आभारी आहे.

दिवस मावळताना धरणाच्या काठावर जाऊन बसले. पाणी उतरलं होतं, गाळावर गाईंच्या खुरांच्या खुणा होत्या. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली आणि ती मला स्वच्छ ऐकू आली. पुढे कुठंतरी भारद्वाज घुमला, तोही ऐकू आला. होला ऐकू आला. मी अक्षरशः बोटांवर मोजलं. म्हटलं, पहा डॉक्टर! इतकी खूश झाले की जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या, ठेचाही मागून घेतला, आणि आठाच्या आत झोपून गेले.

सकाळी त्या बाईनं चहा दिला आणि सरपण आणायला निघाली, तर मीही तिच्यासोबत वाटेला लागले. ओढ्याच्या वळणावर एक मोठा उंबर होता. तिथं ती थांबली, वर पाहिलं आणि तिचं तोंड एकदम फुललं.

"पाहा ना मॅडम, किती कल्ला करून राहिले ते! रोज सकाळी असंच. मोठा गोड आवाज."

मी वर पाहिलं. उंबर पाखरांनी भरला होता. बोटाएवढी हिरवट पिवळी पाखरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. फांद्याफांद्यांवर उड्या मारत होती. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, गळ्यापाशी पिसं थरथरत होती. आणि काहीच नव्हतं. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं, तिच्या पायाखालचा पाचोळा ऐकू येत होता, पण झाड मुकं होतं.

"आयकू येते ना?" तिनं सहज विचारलं.

"हो तं," मी म्हटलं. "खूपच गोड."

ती सरपणाला पुढे गेली. मी उंबराखाली दगडावर बसले. मला रडू आलं. डोळे ओले होण्यापुरतं नाही, चांगलं हुंदके देऊन, आणि कोणी नव्हतं म्हणून पदरही तोंडाला लावला नाही. आठ वर्षांच्या पोरीनं रडावं तशी रडले. शेवटी इथंही मी खोटंच सांगितलं होतं, आणि तेही जिला माझ्या नोकरीशी, वर्गाशी, कशाशीच देणंघेणं नव्हतं अशा बाईला. त्याची लाज कानापेक्षा जास्त वाटली.

किती वेळ गेला ठाऊक नाही. खांद्यावर एकदम हात पडला आणि मी किंचाळून उठले. पाहते तर भाऊ. एका हातात स्टीलचा डबा, पायात चिखलाचे बूट, आणि चेहरा पांढराफटक.

"तू? तुले सांगतलं होतं ना येऊ नको म्हून! कुठी हाय तुहे अकरा जन?"

"तीन हाका मारल्या तुले," तो म्हणाला. "पार इथं मांगं उभा राहून मारल्या. माह्या जागी रानडुक्कर असतं तं?"

तो दगडावर बसला, डबा मांडीवर घेतला, आणि मग माझ्याकडे वळून, ओठ नीट दिसतील असा, हळूहळू बोलायला लागला. रात्री तो पातूरला एका मित्राकडे मुक्कामाला होता. सकाळी मित्राची मोटरसायकल घेऊन आला. अकरा जण नव्हतेच, बोलेरोही नव्हती.

"एकला येतो म्हटलं असतं, तं तुले समजलं असतं ना. म्हून म्हटलं पार्टी हाय सांगावं."

"काय समजलं असतं?"

"ताई, आता काय सांगू." तो खाली पाहायला लागला, मग आठवण होऊन पुन्हा वर पाहिलं. "दोन वर्षं झाले. आईच्या वर्षश्राद्धाले तू आमच्या सैपाकघरात बसून होती. कुकरच्या शिट्ट्यावर शिट्ट्या झाल्या, वरण जळून वास सुटला, अन् तू बाजूले बसून कोथमीर निवडून राहिली होती. मी भाऊजीले त्याच दिवशी बोललो. ते म्हने, मले माहीत हाय. तू बोलू नको, तिचं तिले सांगू दे."

रागानं माझे कान तापले. मी उठले आणि तडक धरणाच्या भिंतीकडे चालायला लागले, कारण रेंज तेवढी तिथंच येते असं बाईनं सांगितलं होतं. भाऊ डबा घेऊन मागे. भिंतीवर चढून नवऱ्याला फोन लावला. मोबाईल स्पीकरवर टाकला, हल्ली मी तसंच करते. लोकांना सांगते, हात मोकळे राहतात.

"तुमाले माहीत होतं?"

काय, म्हणून त्यांनी विचारलं नाही. "हो," म्हणाले.

"मंग बोलले काहून नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"अन् मी नसतंच सांगतलं तं?"

"तं थांबलो असतो."

मला दोघांचाही भयंकर राग आला. दोन वर्षं मी समजत होते की मी एकटीच नाटक करते आहे, आणि अख्खं घर माझ्यासोबत नाटक करत होतं. भाऊ पाण्याकडे पाहत उभा होता. त्याला म्हटलेलं "हो, झाले" मला आठवलं आणि राग कुठं ठेवावा कळेना.

"मले बारीक आवाज आयकू येत नाही," मी फोनवर म्हटलं. "मशीन लावा लागते."

"काय म्हटलं?" हे म्हणाले. "मी रस्त्यावर आहे, ट्रक गेला. अजून एकदा सांग."

किती सहज विचारलं त्यांनी. या दोन वर्षांत "अजून एकदा सांगा" एवढं मी कोणालाच म्हटलं नव्हतं. मी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि अजून एकदा सांगितलं, मोठ्यानं.