उसातून चालत आलेली रातढोकरी
पाचट पेटल्याचा वास आला की मला भीमेकाठचा आमचा ऊस आठवतो. तोडणी सरत आली होती, वावराच्या मधे एकच पट्टा उभा होता. अशा वेळी आत दडलेले ससे बाहेर पळतात, म्हणून वस्तीवरची कुत्री आधीच जिभा काढून बसलेली. मी तोडणीवाल्यांना चहा घेऊन गेले, तेवढ्यात उसातून ससा नाही, एक पाखरू चालत आलं. ढोकरी बगळ्याएवढंच, पण विटकरी रंगाचं, डोक्यावर काळा तुरा. असलं आमच्याकडं कुणी पाहिलेलंच नव्हतं. कुत्री उठली तसं ते जागीच थांबलं, चोच आभाळाकडं केली अन् काठीसारखं ताठ झालं. "काय ऐट हाय बघा, फोटू काढायला उभं राहिलंय जणू!" माझे धाकटे दीर म्हणाले, तसे सगळे हसले. "भावजी, हसताय काय, कुत्री आवरा आधी!" मी ओरडले, टाळ्या वाजवल्या. "उड की गं बाई!" पण मी जसजशी ओरडले, तसतशी ती अजूनच ताठ झाली. पंख धड होते, ते तिनं उघडलेच नाहीत. कुत्र्यानं धरली तवाही चोच वरच होती. पुढं वनखात्यातल्या एकानं मी उचलून ठेवलेली तिची पिसं बघून सांगितलं, "मावशी, ही सह्याद्रीतल्या दाट रानातली रातढोकरी. ओढ्याकाठी गांडुळं खाती. भ्याली की वाळक्या फांदीगत उभी राहती, मग झाडीत ती कुणाला दिसत न्हाई." आता या वयात कळतं ते एवढंच, की मोकळ्या वावरात आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो, अन् तिला वाटत होतं, आपण लपलोय.