बिनचिठ्ठीचा स्टँड

नंदुरबार स्टेशनसमोरच्या स्वतःच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबाखाली, मोतीलालने तीस वर्षं गाड्यांचा स्टँड चालवला, पण कधी कुणाला चिठ्ठी म्हणून दिली नाही. नोकरदार माणूस किल्ली त्याच्या हातावर टाकून आगगाडीकडे पळायचा. संध्याकाळी तो फाटकात दिसला, की मोतीलाल नेमकी त्याचीच मोटरसायकल काढून उभा. याचा त्याला भारी ताठा, आणि तोच नडला.

स्टेशनचा परिसर सुधारू लागला, तसा एक बिल्डर चहाला येऊन बसू लागला. वर तुम्हाला घर, खाली अख्खा तळमजला तुमच्या स्टँडला, असं गोड बोलला. करारात घर होतं, स्टँड नव्हता.

"हाई बी कागदवर लिखी ल्या," बायको प्रमिलाबाई म्हणाली.

"तीस वरीसमा मी कोनले चिठ्ठी दिधी का? मंग मी कसाले मांगू?"

शहाणपण म्हणतात ते हेच असेल, तर वेडे बरे! निंब तुटला, इमारत उठली आणि तळमजल्यावर अकरा दुकानं थाटली. मोतीलाल विचारायला गेला, तर बिल्डर म्हणाला, "कुठं लिहिलंय, दाखवा."

आता तो वरच्या घरात झोपतो आणि सकाळी सवयीने खाली येऊन पायरीवर बसतो. परवा जवळच्या कोरीट गावचा हेमकांत, नवापूरला शिकवणारा मास्तर, घाईघाईत आला. "मोतीलालभाऊ, किल्ली ल्या!" म्हणत जुन्या सवयीने किल्ली हातावर टाकून पळालाही. मोतीलालच्या तोंडून 'नाही' निघालंच नाही. क्षणभर त्याला फार बरं वाटलं.

लगेच दुकानदार ओरडला, "काका, गाडी हटवा इथून!"

मोतीलालने ती मोटरसायकल ढकलत स्टेशनच्या नव्या पार्किंगमध्ये नेली. तिथल्या माणसाने छापील चिठ्ठी दिली. "सांभाळा. हरवली तर गाडी मिळणार नाही."

संध्याकाळी हेमकांत आला तेव्हा मोतीलालने किल्ली दिली, मग मूठ उघडून चिठ्ठी दिली. दिवसभर धरून घामाने ती भिजली होती. हेमकांत ती घेऊन पार्किंगकडे गेला. मोतीलाल जिना चढून घरात आला, प्रमिलाबाईसमोर बसला आणि म्हणाला, "मी तुन्हं आयकं नही."