चाक ताईच्या बाजूनं

ताई गेल्यावर मी पहिल्यांदा चाकावर बसलो, तेव्हा जे भांडं उतरलं ते माझं नव्हतं. कंबरेत बारीक, खांदे उतरते, काठ किंचित आत वळलेला. म्हटलं, तिची आठवण येत होती म्हणून झालं असेल. दुसरंही तसंच निघालं. तिसरं मी मुद्दाम बसकं आणि रुंद करायला घेतलं, तर डोळ्यांदेखत बोटांखाली बारीक होत गेलं. मी त्याचा गोळा करून बादलीत फेकला आणि घरात जाऊन चहा मागितला.

नानाखेड्यातल्या आमच्या घरामागे एक खोली आहे. तिथं ताई आणि मी मिळून मातीची भांडी करायचो. वडील बँकेच्या बदलीवर नागपूरहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. ताईनं लग्न केलं नाही, माती शिकली. मी नोकरी सोडून घरात कुढत बसलो होतो तेव्हा तिनं मला हाताला धरून त्या खोलीत नेलं. विजेवर चालणारी दोन चाकं समोरासमोर ठेवली. ती डावखुरी. तिचं चाक घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं, माझं त्याच्या उलट. "माझ्याकडे बघत राहा, आरशात बघितल्यासारखं," एवढंच तिचं शिकवणं. तिचा डावा हात तो माझा उजवा. पुढं मी तरबेज झालो तरी मान वर करून तिच्याकडे बघायची सवय काही गेली नाही.

माझी भांडी मात्र तिच्यासारखी कधीच झाली नाहीत. ती बुटकी आणि गोल व्हायची, थोडी एका अंगाला कललेली. प्रत्येक वेळी ती समोरून बघायची आणि म्हणायची, "पोट सुटलं रे याचं." मी चिडायचो. लोकांना आवडायची माझी भांडी, पण तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणून निघायचा नाही.

ती गेल्या वर्षी चैत्रात गेली. नंतर मी केलेली भांडी फ्रीगंजच्या दुकानात ठेवायला नेली. दुकानदारानं खोक्यातून एक उचललं, आत बोट फिरवलं आणि खूश झाला. "अरे, दीदी का माल बचा हुआ था? बताया नहीं आपने!" मी मान डोलावली. "दीदी का हाथ अलग ही था," तो म्हणाला.

घरी येऊन मी एक भांडं उजेडात धरलं. आतल्या बोटांच्या रेघा उलट्या चढल्या होत्या, तिच्या भांड्यात चढायच्या तशा. म्हणजे माझं चाक तिच्या बाजूनं फिरलं होतं. चाकामागं दिशा बदलायचं बटण असतं. माझं बटण मी कित्येक वर्षांत हलवलं नव्हतं, त्यावर मातीचा थर सुकलेला होता. आता तो थर उखडलेला होता आणि बटण ताईच्या बाजूला होतं.

मी ते परत माझ्या बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर बघितलं तर पुन्हा तिच्या बाजूला. असं होतच राहिलं. मी त्या खोलीत शिरताना खाकरायला लागलो. समोर तिचं स्टूल होतं, त्यावर तिचा मळका अॅप्रन. तिकडे बघायचं नाही असं ठरवून मी बसायचो, आणि कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं सारखं वाटायचं. मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

शेवटी मी बायकोवर घसरलो. "माझ्या चाकाचं बटण तू फिरवतेस का?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" ती म्हणाली. "अहो, तुम्हीच फिरवता. मी चहा घेऊन येते तेव्हा रोज बघते. स्टुलावर बसता आणि पहिला हात चाकामागं जातो, बटणावर. मला वाटलं मुद्दामच करताय, ताईंच्या आठवणीत. म्हणून मग टोकलं नाही."

भूत असतं तर परवडलं असतं असं मला त्या दिवशी वाटलं. भुताला निदान हाकलता येतं.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची कोरी घागर, तिच्या गळ्याला सूत, पाण्यात वाळा, तोंडावर खरबूज, आणि नैवेद्याला पुरण, आमरस, चिंचवणी. नंतर ती घागर कोणाला तरी द्यायची. वडिलांनी पद्धत पाडली होती की ती नानाखेडा बसस्टँडजवळच्या प्याऊवर नेऊन ठेवायची, म्हणजे वैशाखात येणारे-जाणारे पाणी पितील. आई-वडिलांच्या नावाच्या घागरी दरवर्षी ताई करायची. यंदा वर्षश्राद्धानंतर लगेच अक्षय्य तृतीया येत होती, आणि पहिल्यांदाच ताईच्या नावानं घागर भरायची होती.

"बाजारातून आणू या," बायको म्हणाली. "अवस्था बघा तुमची. उगाच जिद्द करू नका."

मी भडकलो. मातीत हात घालणाऱ्याच्या घरात विकतची घागर? पण रागामागं खरी अडचण होती ती मी तिला सांगितली नाही. मी केली असती तर ती ताईच्याच हातची निघाली असती. तिचीच घागर तिच्या नावानं भरून तिलाच द्यायची, तर त्यात माझं काय? वर्षातून एकदा तिला पाणी द्यायचं, ते तरी माझ्या हातचं हवं होतं. ते जमत नसेल तर मातीचं काम कायमचं बंद करायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अशात माझे खांदे धरले. दोन्ही हात खाली सोडले की कळ यायची, उचलून धरले की बरं वाटायचं. माधव नगरात एका बाईंचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. त्यांनी शेक दिला, दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "सुबह छत पे आ जाया करो. चीगोंग कराती हूँ." ताओ पंथाच्या चिनी साधूंची ही जुनी पद्धत, सावकाश हालचाल आणि श्वास, असं त्यांनी सांगितलं. मला हसू आलं. क्षिप्रेच्या काठी साधूंची काय टंचाई पडली होती, की चीनहून मागवावे लागले? पण बायकोनं कॅनव्हासचे बूट आणून दारात ठेवले, तेव्हा गेलो.

गच्चीवर बहुतेक निवृत्त मंडळी, गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखी हळूहळू हलणारी. बाई आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्या "दायाँ" म्हणाल्या की सगळे उजवा पाय टाकायचे आणि मी डावा. पुन्हा "बायाँ", की माझा उजवा. शेजारच्या निवृत्त मास्तरांना मी दोनदा धडकलो.

"भैया, आप कान से नहीं, आँख से सुनते हो," बाई म्हणाल्या. "मेरा आईना बन रहे हो." आणि त्या पाठ करून उभ्या राहिल्या.

मग मला एक पाऊलही टाकता येईना. समोर कोणाचा चेहरा नाही म्हटल्यावर अंगाला काय करायचं तेच कळेना. मी खांबासारखा उभा. बाई मागं आल्या. "आँखें बंद करो. अभी वज़न कौन-से पैर पे है?" मला सांगता आलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपण कुठल्या पायावर उभे आहोत हे सांगता येऊ नये! "एक पैर भरा होता है, एक खाली," त्या म्हणाल्या. "जो खाली है वो उठेगा. पहले पता तो करो कौन-सा खाली है."

काही दिवसांनी त्यांनी उभं राहायला शिकवलं. गुडघे सैल, दोन्ही हात छातीसमोर गोल. "जैसे बड़ा मटका पकड़ा हो. आपको तो आसान है." मीही तसंच समजलो. डोळे मिटले, हात गोल केले, आणि श्वास खाली गेला तसं माझ्या हातात मटका नाही हे कळलं.

माझ्या हातात ताई होती. शेवटच्या महिन्यांत तिचे पाय गेले होते. सकाळी मी तिला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचो. तिचे हात माझ्या मानेत, माझे तिच्या पाठीमागं, आणि मी उलट्या पावलांनी सरकायचो, वजन या पायावर, मग त्या पायावर. ती कानाशी म्हणायची, "पाडशील रे मला." मी म्हणायचो, "नाही पाडत." ती गेली त्या दिवशी उचललं ते इतरांनी. मी बाजूला उभा होतो. मी तिला खाली ठेवलंच नव्हतं. वर्षभर हे हात तिला धरून होते, चाकावरसुद्धा, आणि माझं वजन कुठं संपतं नि तिचं कुठं सुरू होतं हे माझ्या अंगाला ठाऊकच नव्हतं.

मी सगळ्यांदेखत रडलो. "अब हाथ धीरे से नीचे," बाई एवढंच म्हणाल्या. ते धीरे से नीचे आणायला मला फार वेळ लागला.

त्यानंतर मी रोज सकाळी मातीला हात लावण्याआधी त्या मागच्या खोलीत उभा राहायला लागलो. तोंड तिच्या स्टुलाकडे, डोळे मिटलेले, हात गोल. मग भरलेला पाय, रिकामा पाय करत तिच्या स्टुलापर्यंत जायचं, गुडघ्यात वाकायचं आणि हात सावकाश मोकळे करायचे. "बस इथं," मी म्हणायचो. कोणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. बायको दारातून चहा घेऊन परत फिरायची, ते मला पावलांवरून कळायचं.

चाकावरची भांडी तरीही तिचीच निघत होती. अक्षय्य तृतीया जवळ आली, घागर सुकायला आणि भाजायला वेळ हवा होता, आणि बायकोनं बाजारातली एक घागर आणून गुपचूप मोरीत पालथी घालून ठेवली होती. मी ती तिथंच राहू दिली.

मग एका सकाळी मी चाकावर बसलो आणि हात मागं गेला तो मला जाणवला. बटणाच्या अलीकडे अर्ध्यात थांबला. परक्याच्या हाताकडे बघावं तसा मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि तो पुढं आला. उजवा पाय चाकाच्या पेडलवर भरलेला, डावा रिकामा. मातीचा मोठा गोळा आपटला, डोळे मिटले. चाक माझ्या बाजूनं फिरलं. माती हाताखाली रुंदावत गेली, फुगली, कुठंतरी थोडी कलली, तशीच राहू दिली. काठ बाहेर वळला.

डोळे उघडले तर समोर बुटकी, गोल, कललेली घागर. माझी. वर्षभरानं माझी. मला इतका आनंद झाला की तिला दाखवायला मी मान वर केली.

स्टूल रिकामं होतं. अॅप्रन होता, खिडकीतलं ऊन होतं, आणि कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. मी बराच वेळ बघितलं. वर्षभर जिची भीती वाटली ती खोलीत नव्हती, आणि ताई गेली हे मला त्या क्षणी कळलं. चाक रिकामंच फिरत राहिलं. बंद करायचं सुचलं नाही.

अक्षय्य तृतीयेला ती घागर पाटावर मांडली. कललेली म्हणून बायकोनं तिच्याखाली गव्हाची रास सारखी केली, सूत बांधलं, वाळा टाकला. नैवेद्य झाल्यावर आम्ही दोघं ती घेऊन प्याऊवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. प्याऊवाल्यानं घागर रेतीत बसवली, मी तिच्यात ताईच्या नावानं पाणी ओतलं. बसमधून उतरलेली एक बाई आली, तिनं लगेच ओंजळ पुढं केली आणि घटाघटा पाणी प्यायली.

आम्ही घागरीकडे बघत उभे राहिलो. मी वाट बघत होतो. बायकोनं माझ्याकडे बघितलं. कशाची वाट बघतोय ते तिला कळलं होतं, पण ते वाक्य तिचं नव्हतं.

"पोट सुटलं रे याचं," शेवटी मीच म्हणालो.