कमरेपर्यंत ओले

मी बजरंग. किनवटपासून जंगलातल्या पाड्यांपर्यंत जीप हाकतो. नीलाबाई आत्राम हे नाव तुम्ही ऐकलं नसंल. पण तिच्या लेकीचा फोटो पाहिला असंल, अन् अरेरे म्हणून पुढं सरकला असाल. म्हणून सांगून राहिलो.

नीलाबाईचा नवरा लवकर गेला. मोहफुलं वेचून, तेंदूपत्ता तोडून तिनं एकुलती उज्वला आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकवली. बाई बोलायची कमी, पण मनात धरलेलं सोडायची न्हाई. पाड्याला रस्ता न्हाई, मधी नाला. आजारी माणूस चार गड्यांनी बाजेवर घ्यायचं, नाला ओलांडायचा, अलीकडं जीप.

तीन वर्षांखाली भादवा सरत आला होता. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं, नाल्याला मात्र कमरेइतकं पाणी होतं. बाळंतपणाला माहेरी आलेली उज्वला अडली. त्या दिवशी माझ्या जीपमधी नांदेडचा मिहिर होता. प्राध्यापकाचा पोरगा, गळ्यात दोन कॅमेरे. पाड्यावरचे हाल टिपायला आलेला. बाज अलीकडं आली, तर हा म्हणतो, उजेड नीट नव्हता, मागं जा अन् अजून एकदा या.

अन् गडी फिरले! आमच्याकडं घरकुल असो की विहीर, साहेब येतो, माणूस उभं करून फोटो काढतो, तवा कुठं मंजुरी मिळती. गड्यांना वाटलं, ह्यो रस्त्याचा साहेब. फोटो नीट आला तर पूल होईल. नीलाबाईलाही तेच वाटलं. लेकीचा हात धरून ती पण पाण्यातून फिरली. ह्यो कुणी साहेब न्हाई, हे एकट्या मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून मी गप बसलो. थू माझ्या जिंदगीवर.

असे तीनदा गडी मागं फिरवले. तासभर गेला. दवाखाना दोन कोसावर राहिला अन् उज्वला माझ्या जीपमधीच गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

वर्षभरात त्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं, पेपरात छापून आला. मी पेपर नेऊन दाखवला. नीलाबाई रडली न्हाई. पुढच्या गड्याच्या धोतरावर बोट ठेवून लई वेळ बघत बसली. मेलेल्या माणसाची बाज आम्ही घरात ठेवत न्हाई. तिनं मात्र ठेवली, भिंतीला उभी करून. लोक नको नको ते बोलले.

औंदा नांदेडात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. नीलाबाई म्हणाली, बाज टपावर बांध. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही ती बाज आत नेली अन् भिंतभर लावलेल्या त्या फोटोखाली ठेवली. मिहिर माईकवर सांगत होता की मी फक्त बघतो, कशाला हात लावत न्हाई, काही बदलत न्हाई. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. पण लगेच सावरला अन् ही त्या मुलीची आई म्हणून तिला पुढं घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग फोटोकडं हात केला.

"गडी आत्ता कुठं नाल्यात पहिलं पाऊल टाकून राहिले. मग कमरेपर्यंत ओले कसे?"

सगळी मान वळवून बघू लागली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला, जवळ जाऊन चष्मा पुसून बघून आला. मिहिर हळूच म्हणाला, बाहेर बोलू.

"न्हाई, इथंच. किती वेळा फिरवलंस?"

त्यानं पुटपुटत तीनदा म्हणून सांगितलं.

"उजेड नीट न्हाई," ती म्हणाली. "अजून एकदा."

त्यानं परत सांगितलं. तिनं परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा सांगताना तो रडला. मला काडीची दया आली न्हाई. खरं सांगतो, जीव गार झाला माझा.

निघताना मी बाज उचलायला वाकलो, तर राहू दे म्हणाली, आता ती घरात कशाला. जीपमधी पुढं माझ्याशेजारी न बसता मागं बसली. वाटेत भोकर आलं. मग मागून आवाज आला.

"बजरंग, तो साहेब न्हाई हे तुला ठाऊक होतं ना?"

हाव मावशी, म्हणालो.

"अजून एकदा सांग."

मी गाडी बाजूला घेतली अन् सांगितलं.