तात्यांच्या सोन्याचा बंदोबस्त

चोर पाच मिनिटांत काम उरकून निघून जातो राव, पण गाव वर्षानुवर्षं तेच चघळत बसतं! आमच्या वस्तीवर चोर आले मोजून दोनदा. किस्से मात्र पोतंभर! आणि त्या सगळ्या पोत्याचे मालक एकच, आमचे चुलते तात्या.

राजुरीच्या शिवारात आमची चार घरांची वस्ती. माझं जुन्नरला ग्रिल-दरवाजांचं वर्कशॉप. दोन हजार सालाच्या आसपास तात्यांच्या एकुलत्या एका पोरीचं, सुरेखाचं लग्न ठरलं. तात्यांनी तिचं सोनं करून घरात आणलं आणि त्याच दिवशी त्यांची झोप उडाली. सोनं गेलं तर सोयरीक मोडणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग सुरू झाला बंदोबस्त!

* * *

पहिलं आलं कुलूप. चांगलं नारळाएवढं! "घणानं बी तुटायचं न्हाई," म्हणत तात्यांनी ते चारही घरांत फिरवून दाखवलं. मग दाराला लावलं आणि चावी ठेवली चौकटीवर! का, तर शेतातनं आधी कोण येईल सांगता येत नाही.

एका दुपारी तात्या-काकी शेतात असताना पाहुणा आला. माझ्या आईनंच त्याला चावीची जागा सांगितली. पाहुण्यानं कुलूप उघडलं, चहा करून प्यायला, कपबशी विसळून पालथी घातली आणि कुलूप लावून गेला.

तात्या काकीला म्हणाले, "तुझ्या माहेरचं पावणं लई वळणाचं हां!"

"माझ्या माहेरचं? मला वाटलं, तुमच्या मामाकडचं!"

तो माणूस कोण होता, हे आजतागायत कुणालाही माहीत नाही.

* * *

मग आलं कुत्रं. नाव टायगर. पण तेव्हा आमच्याकडच्या उसात बिबटे झालेले, वस्त्यांवरची कुत्री पटापट गायब होत होती. म्हणून दिवस मावळला की टायगर घरात, कडी लावून! आणि राखणीला बाहेर ओट्यावर कोण? काठी आणि बॅटरी घेऊन आमचे तात्या.

काकी म्हणाली, "अवो, कुत्रं दिसलं न्हाई तर बिबट्या तुमालाच न्यायचा!"

"मला नेऊन काय करील त्यो?"

"त्येच म्हंते मी. परत आणून सोडील!"

* * *

यानंतर नंबर लागला माझा. सगळ्या खिडक्यांना ग्रिल पाहिजे, तेही जाडजूड पट्ट्यांचं. मी म्हणालो, "तात्या, कौलांचं काय?" तर म्हणाले, "चोर काय वानर हाय का?" चुलता पडला, काय बोलणार! पायापासून वळचणीपर्यंत आडव्या पट्ट्या मारून दिल्या. वेल्डिंग असं पक्कं, की मीच दोनदा मागं सरून बघितलं.

* * *

तेवढ्यात शेजारच्या आणे गावची यात्रा आली. तिथल्या आमटी-भाकरीच्या प्रसादाला निम्मं गाव निघालेलं. मागं राहिलेल्यांनी घरांवर लक्ष ठेवावं, म्हणून तात्यांना एक युक्ती सुचली. सकाळी सकाळी देवळाच्या लाउडस्पीकरवर स्वतःच उभे राहिले!

"हॅलो, हॅलो! समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येतं, की खालील घरं आज संध्याकाळपर्यंत बंद ऱ्हातील." आणि एकेक नाव वाचलं. स्वतःचं नाव दोनदा, म्हणजे लोकांनी जास्त लक्ष ठेवावं!

आवाज अगदी हायवेपर्यंत गेला म्हणतात.

संध्याकाळी आलो तर तात्यांची कौलं उतरवलेली, घरभर धान्य सांडलेलं, गाद्या फाडलेल्या. टायगर ओट्यावर शेपूट हलवत उभा. हवालदार आले, घराभोवती फिरले, खिडकीपाशी थांबले.

"ग्रिल कुणी बसवलं?"

"मी, साहेब."

"मजबूत आहे. दोघं चढून गेलेत, पट्टी हललीसुद्धा नाही!"

* * *

पण सोनं सापडलं नव्हतं! पंचनाम्याला चाळीसेक माणसं दारात जमलेली. आणि तात्यांची छाती अशी फुगली, की काही विचारू नका.

"कसं सापडंल? डोकं लागतं त्याला!" असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातला औषध फवारायचा जुना पंप सगळ्यांसमोर ओढला, झाकण उघडलं आणि आतली प्लॅस्टिकची पिशवी वर धरली. "ह्या घाणेरड्या वासाच्या पंपाला कोन हात लावतंय? आँ?"

लोकांनी माना डोलावल्या. मागच्यांना दिसलं नाही म्हणून तात्यांनी पिशवी परत एकदा वर धरली. तेवढ्यात काकी चुलीपासून उठून आली, पिशवी हातातनं घेतली, पंपात टाकली, झाकण लावलं. मला तेव्हाच वाटलं होतं, बाई चिडलीय.

* * *

आठवडा झाला. आम्ही सगळे कांदा काढायला रानात. दुपारी घरी आलो तर या वेळेला ना कौलं उतरवलेली, ना धान्य सांडलेलं. दार उघडं, चावी कुलपाला तशीच लटकलेली. फक्त पंप गायब!

तात्या मटकन खाली बसले. तोंडाला टॉवेल लावून रडायला लागले. इतकी वर्षं त्यांची थट्टा केली, पण त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. माणूस वेडा होता, पण जीव सगळा पोरीत होता. सुरेखा दाराशी उभी, पांढरीफटक.

"व्याह्यांच्या पायावं टोपी ठेवतो," तात्या म्हणाले. "दुसरं काय करू? माझ्या तोंडानं मी पोरीचं वाटोळं केलं!"

हवालदार पुन्हा आले. कागद काढला, "काय काय दागिने होते?" म्हणून विचारलं. तात्यांना हुंदक्यांनी बोलता येईना. तेवढ्यात काकी गोठ्यातनं हात पुसत आली.

"ल्ह्या सायेब. जुना पंप एक आन् हरभरं पावशेर."

तात्यांनी तोंडावरचा टॉवेल काढला. "अगं पर काल मी झाकण उघडून बघितलं! पिशवी व्हती!"

"पिशवी व्हतीच. आत हरभरं व्हतं. लोक पांगले त्याच दिशी मी सोनं काढलं."

"मग ठिवलंस कुठं?"

काकीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुरेखाला म्हणाली, "जा, सायबाला च्या टाक."

हवालदारांना हसू आवरेना. कागद घडी करत म्हणाले, "मानलं काकी! चोरांना पत्तासुद्धा लागू दिला नाही तुम्ही!"

"चोरांचं काय घिऊन बसलात सायेब," काकी म्हणाली, "ह्यांना लागला न्हाई न्हवं!"